मानसिक आजार आणि व्यसनातून सावरणाऱ्यांसोबत काम करायचंय? कोकणातून वारंवार येणारे प्रश्न

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडमधून येणारे फोन आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप यांतून हे प्रश्न निवडले आहेत. विचारणारे बहुतेक विशी-तिशीतले. काही जण स्वतः दारूतून बाहेर आलेले, काहींनी घरातलं आजारपण जवळून पाहिलेलं. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डॉक्टर आहेत, समुपदेशक आहेत. मग आणखी एका माणसाचं तिथे काम काय?

डॉक्टर महिन्यातून एकदा भेटतात, तेही गर्दीच्या ओपीडीत. बाकीचे दिवस पेशंट घरी असतो आणि आजार पुन्हा उलटतो तो घरीच. राज्यातल्या जुन्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आपल्या रत्नागिरीत आहे, बाकीची ठाणे, पुणे आणि नागपूरला. तिथून एखादा मुलगा चांगला सावरून आपल्या वाडीत परततो. जवळच्या मेडिकलमध्ये त्याची गोळी मिळत नाही, एस.टी. दिवसातून दोनदा, आणि महिन्याभरात घरात कोणीतरी म्हणतंच, "बरो झालो मां, मगे गोळये कित्याक?" गोळ्या थांबतात, झोप उडते, आणि काही महिन्यांत तो पुन्हा त्याच वॉर्डात. या मधल्या काळात त्याच्या घरी जाणारं माणूस, तेच तुमचं काम.

घरी गेल्यावर करायचं काय? ओटीवर बसायचं. पाणी घ्यायचं. आंब्याचं, पावसाचं, बोटीचं बोलायचं. मग गोळ्यांची पाकिटं मागायची आणि रिकामे कप्पे तारखेशी ताडून पाहायचे. गोळी देतंय कोण, तो स्वतः घेतोय की आई हातावर ठेवते? अंघोळ केलीय का? रात्री झोपतो का? पुढच्या तारखेला रुग्णालयात जायला गाडीभाडं आहे का? नसेल तर कोणासोबत जाईल? या सगळ्याची वहीत नोंद करायची आणि डॉक्टरांपर्यंत पोचवायची. कोकणात उपचार अजिबात नाहीत असं नाही. कमी पडते ती घरी परतल्यानंतरची सोबत, आणि म्हणूनच या कामाला इथे माणसं हवी आहेत.

२. माझं बारावी कला झालंय. एवढ्यावर हे काम मिळेल?

मिळेल, पण कोणतं ते नीट समजून घ्या. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या व्यसनमुक्ती केंद्रांत समुपदेशक, परिचारिका यांच्यासोबत वॉर्डबॉय आणि सहकारी शिक्षक अशी पदं असतात. सहकारी शिक्षक म्हणजे स्वतः व्यसनातून बाहेर आलेला कार्यकर्ता. सामाजिक संस्थांमध्ये क्षेत्रकार्यकर्ता म्हणून घेतात. शिक्षण कमी असलं तरी उपयोग मोठा होऊ शकतो, याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. गोव्यात 'संगथ' या संस्थेने मानसिक आरोग्याचं कुठलंही आधीचं शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना तयार केलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी ते जास्तीत जास्त चार वेळा बोलत. तीन महिन्यांनंतर त्यांतल्या ३६ टक्के जणांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं होतं. ज्यांना हे समुपदेशन मिळालं नाही त्यांच्यात हे प्रमाण २६ टक्के होतं.

मात्र हे पुरुष पूर्ण व्यसनाधीन झालेले नव्हते. सकाळी उठल्यावर घोट घेतल्याशिवाय ज्याचे हात थांबत नाहीत त्याच्यासाठी नुसतं बोलणं पुरत नाही (प्रश्न १० पाहा). शिवाय त्या कार्यकर्त्यांना नीट प्रशिक्षण होतं आणि त्यांच्या कामावर कायम देखरेख होती. देखरेखीशिवाय तुम्हाला थेट समुपदेशक म्हणून बसवणाऱ्या जागेला नाही म्हणा.

३. पुढे शिकायचं तर काय? सायकॉलॉजिस्ट, समुपदेशक, समाजकार्यकर्ता यांत फरक काय?

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. ती मिळते रुग्णालयात प्रत्यक्ष देखरेखीखाली केलेल्या, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमानंतर. घरबसल्या एम.ए. मानसशास्त्र करून ती मिळत नाही. असं सांगून फी घेणारे क्लास आहेत, त्यांच्यापासून दूर राहा. मनोसामाजिक कार्यकर्ता व्हायचं तर एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी घेऊन मनोविकार समाजकार्यातला दोन वर्षांचा एम.फिल. हा २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात सांगितलेला रस्ता. एमएसडब्ल्यूसाठी मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि निर्मला निकेतन ही जुनी नावं, पुढच्या शिक्षणासाठी बेंगळुरूची निमहान्स ही राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था. नर्सिंगमधून येणाऱ्यांना मनोविकार परिचर्येची वेगळी पदविका करता येते.

आमचं मत विचाराल तर कोकणातल्या मुला-मुलींनी आधी समाजकार्याचा विचार करावा. रेशनकार्ड, दिव्यांग प्रमाणपत्र, शाळेत पुन्हा प्रवेश, भावकीतली भांडणं हे सगळं इथल्या पेशंटच्या आजारात गुंतलेलं असतं, आणि त्याचं शिक्षण समाजकार्यातच मिळतं.

४. मुंबईला न जाता इथेच राहून नोकरी मिळेल का?

शिक्षणाची दोन वर्षं बहुधा बाहेर काढावी लागतील, नोकरी मात्र इथे आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक जिल्हा रुग्णालयातून चालतं. त्यात मनोविकारतज्ज्ञांबरोबर सायकॉलॉजिस्ट, सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका असतात. शासकीय रुग्णालयांतल्या एचआयव्ही समुपदेशन केंद्रांना समुपदेशक लागतात. हा अनुभव व्यसनमुक्तीत फार कामाचा ठरतो, कारण दोन्हीकडे लाज आणि गुप्तता यांच्याशीच गाठ असते. ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस या फोनवरून मानसिक आधार देणाऱ्या १४४१६ क्रमांकाच्या सरकारी सेवेलाही मराठी बोलणारे समुपदेशक हवेच असतात.

शिक्षण सुरू करण्याआधी काम जवळून पाहायचं असेल तर पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आणि ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था यांची प्रशिक्षणं आणि कार्यशाळा यांची चौकशी करा. मुक्तांगण १९८६मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलं. तिथे उपचार घेऊन बरे झालेले कित्येक जण पुढे तिथेच कार्यकर्ते झाले.

५. पगार किती असतो?

सुरुवातीला कमी. बहुतेक पदं कंत्राटी असतात, करार दरवर्षी नवा होतो आणि अनुदानावरच्या केंद्रांत मानधन उशिरा येतं. घरात दुसरं कोणाचंही उत्पन्न नसेल तर पहिली दोन वर्षं ओढाताण होईल हे धरूनच चला. मुलाखतीत पगार, पेट्रोल खर्च आणि सुट्टी हे तिन्ही आधी विचारून घ्या. दुचाकीवरून डोंगर उतरून घरभेटी करायच्या आणि पेट्रोल स्वतःचं, असं काम फार दिवस निभत नाही.

६. मी स्वतः दारू सोडली आहे. मला घेतील का? किती दिवस झालेले असावेत?

घेतील, आणि तुमच्याकडे जे आहे ते पदवीने मिळत नाही. पहिल्या आठवड्यात वॉर्डात बसलेला माणूस तुमच्याशी ज्या भाषेत बोलेल तसं तो डॉक्टरांशी बोलणार नाही. मुदत प्रत्येक केंद्राची वेगळी. आम्ही स्वतः किमान दोन वर्षं म्हणतो, कारण कोकणातलं वर्षच तसं आहे. शिमग्याला पालखी घरी येते, आंब्याच्या हंगामात हातात पैसा खेळतो, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा बंदरावरच्या माणसाला दिवसभर काम नसतं, गणपतीत चाकरमानी बाटली घेऊन येतात. गोव्याच्या सीमेलगत स्वस्त दारू तर बाराही महिने. या सगळ्यातून निदान दोनदा कोरडं पार पडलेलं माणूस दुसऱ्याला आधार द्यायला उभं राहू शकतं.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमससारख्या, दारू सोडलेल्यांच्या सभांना जात असाल तर कामाला लागल्यावर त्या सोडू नका. दिवसभर दुसऱ्यांच्या व्यसनाबद्दल बोललो म्हणजे आपली सभा झाली असं वाटू लागतं. तसं होत नाही. आणि समोरच्याला तुमची गोष्ट सांगायची ती त्याच्या उपयोगापुरती, थोडक्यात. बोलण्यात जास्त वेळ त्याचा जायला हवा.

७. मी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा सभासद आहे. पगार घेतला तर चुकीचं ठरेल का?

नाही, सभासद आणि नोकरदार या दोन भूमिका वेगळ्या ठेवल्यात तर. एए ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना मदत करण्याची, १९३५पासूनची बिगरव्यावसायिक संघटना आहे. सभेत एक सभासद दुसऱ्याला मदत करतो त्याचे पैसे कोणी घेत नाही, घ्यायचेही नसतात. केंद्रात तुम्ही नोकरी करता ती समुपदेशनाची, नोंदी ठेवण्याची, पाठपुराव्याची. म्हणून ज्याचे तुम्ही केंद्रात समुपदेशक आहात त्याचे स्पॉन्सर, म्हणजे एएमधले वाट दाखवणारे जुने सभासद, होऊ नका. सभेत ऐकलेलं केंद्राच्या फाइलमध्ये लिहू नका. आणि वर्तमानपत्रात बातमी आली तर स्वतःची ओळख एएचे सभासद म्हणून देऊ नका, अनामिकतेची परंपरा तेवढ्यासाठीच आहे.

८. मला बायपोलर आहे, गोळ्या सुरू आहेत. हे सांगावं का?

मुलाखतीत सांगण्याची सक्ती नाही. मानसिक आजार २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात येतो, त्यामुळे तुम्हाला हक्कही आहेत. तरी एका विश्वासू वरिष्ठाला माहीत असलेलं बरं. रात्रपाळी मात्र विचार करून घ्या. झोप मोडली की बायपोलरचा, म्हणजे कधी अति उत्साह तर कधी खोल उदासी आणणाऱ्या या आजाराचा, झटका येण्याचा धोका वाढतो, तेव्हा पाळीबद्दल आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. आजाराचा अनुभव असलेली माणसं या कामात हवीच आहेत, पण स्वतःची तब्येत सांभाळून.

९. पेशंटची बायको विचारते, "त्यांच्या नकळत चहातून औषध देऊ का?" काय सांगू?

नाही सांगा, आणि का ते तिला समजावून सांगा. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणारी बाई बहुतेकदा अगदी टेकीला आलेली असते, म्हणून तिला तोडून बोलू नका. बाजारात 'दारू सोडवणारं' म्हणून दिलं जाणारं औषध पुष्कळदा डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना दारू घेतली तर तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयाचा त्रास असलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. औषध बंद केल्यावरही परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहतो. ज्याला माहीतच नाही तो पिणार, आणि मग आपल्याला काय झालं हे डॉक्टरांना सांगूही शकणार नाही. हे औषध पेशंटला माहीत असताना, त्याच्या संमतीने, तपासण्या करूनच द्यायचं असतं.

तिच्यासाठी मात्र काहीतरी आजच करा. तिची झोप, मुलांची शाळा, मार बसतो का, हे विचारा. नवरा तयार नसला तरी कुटुंबासाठीच्या अल्-अ‍ॅनॉन सभांना ती एकटी जाऊ शकते.

१०. घरच्यांनी कोंडून दारू एकदम बंद केली. आता तो भलतंच बडबडतोय. थांबून पाहावं का?

थांबू नका, रुग्णालयात न्या. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की काही तासांत हात थरथरतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होतो, भिंतीवर किडे, दारात माणसं दिसू लागतात, दिवस-रात्रीचं भान राहत नाही. यात माणूस दगावतो. कोकणात नेमकी हीच अवस्था बाधा समजून रात्र रात्र घरात ठेवली जाते. आठ-दहा दिवस समुद्रात गेलेल्या बोटीवर खलाशाची बाटली संपते आणि त्याला तिथेच फिट येते, तेव्हा तर किनारा लांब असतो. म्हणून बंदरावर काम करणाऱ्यांनी तांडेलांना, म्हणजे बोटीच्या प्रमुखांना, ही लक्षणं आवर्जून शिकवावीत.

रुग्णालयात पोचल्यावर तुमचं पहिलं काम, सलाईन लागण्याआधीच डॉक्टरांना स्पष्ट सांगणं: रोज किती प्यायचा, शेवटची कधी घेतली. अशा पेशंटला थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व आधी द्यावं लागतं. नातेवाईक लाजेने पिण्याचं सांगतच नाहीत.

११. घरचे आधी कौल लावायला किंवा भगताकडे गेले. त्यांना अडवावं का?

देवळात जाऊन गाऱ्हाणं घातल्याने आजार वाढत नाही. वाढतो तो औषध थांबल्याने आणि वेळ गेल्याने. म्हणून पहिल्याच भेटीत अंधश्रद्धेवर भाषण देऊ नका, दार कायमचं बंद होईल. आम्ही सांगतो, देवाला नारळ ठेवा आणि गोळीही चालू ठेवा. गावच्या गुरवाशी, मानकऱ्यांशी बोलून ठेवलं तर ते स्वतःच "देवाचं बघू, आधी दवाखान्यात ने" म्हणतात. असा एक शब्द आपल्या दहा भेटींचं काम करतो.

पण मारहाण, चटके, साखळी, उपाशी ठेवणं दिसलं तर तिथे तडजोड नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक रुग्णाला साखळदंडात ठेवण्यास मनाई केली आहे, आणि अघोरी उपचारांविरुद्ध महाराष्ट्राचा २०१३चा कायदा आहे. तमिळनाडूत एर्वाडीला मानसिक रुग्ण ठेवलेल्या एका आश्रमाला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळीने बांधलेली २८ माणसं पळूच शकली नाहीत.

१२. आमचं गाव छोटं. पेशंट माझ्याच नात्यातला निघाला तर?

कोकणात हे होणारच. वाडीच एका आडनावाची असते. जवळचं नातं, जमिनीचा वाद किंवा पैशाचा व्यवहार असेल तर केस सहकाऱ्याकडे द्या आणि तसं पेशंटला तोंडावर सांगा. लांबचं नातं असेल तर आधी त्यालाच विचारा. लग्नात, बाजारात भेटला तर आपण होऊन ओळख दाखवू नका, त्याने हाक मारली तर बोला. तुमची गाडी त्याच्या दारात दिसली की गाव कुजबुजतं, म्हणून काही जण भेटीसाठी तालुक्याचं ठिकाण पसंत करतात. तसं करू द्या. आणि घरी आपल्या आईलाही नाव सांगायचं नाही. ती विचारणारच.

१३. गुप्तता कधी मोडावी लागते?

मोजक्या वेळी: जिवाला धोका असेल, दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता असेल, न्यायालयाचा आदेश असेल. तेव्हाही गरजेपुरतंच सांगायचं. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२च्या पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, समुपदेशक असलात तरी. म्हणून पहिल्याच भेटीत सांगून टाका, "तुमचं माझ्याजवळ राहील, एवढ्या गोष्टी सोडून." आधी सांगितलेलं असलं की नंतर विश्वासघात वाटत नाही.

१४. पेशंट "आता जगून काय करू" म्हणाला. मी विचारलं तर त्याच्या डोक्यात कल्पना घातल्यासारखं होईल का?

होणार नाही. सरळ शब्दांत विचारा: "जीव द्यायचे विचार येतात का? काही ठरवलंय का?" विचारल्याने माणसाला मोकळं वाटतं. ठरवलं असेल तर त्याला एकटं सोडू नका, बागेतली कीटकनाशकं आणि घरातल्या गोळ्या ताब्यात घ्या, एका नातेवाइकाला सोबत बसवा आणि डॉक्टरांकडे न्या. रात्र असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो. आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच कायदा धरतो आणि त्याच्यावर उपचार व्हावेत असं सांगतो. पोलीसकेसच्या भीतीने दवाखाना टाळणाऱ्या कुटुंबाला हे ठामपणे सांगा.

१५. "चार माणसं पाठवा आणि उचलून न्या" असं घरचे सांगतात. जावं का?

नाही. व्यसनाशी संबंधित मानसिक अवस्था २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजारातच धरल्या आहेत, त्यामुळे दारूच्या पेशंटलाही तेच हक्क. माणूस नाही म्हणत असताना दाखल करायचं तर अट कडक आहे: स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा, किंवा स्वतःची काळजीच घेता न येणं, आणि तेही मनोविकारतज्ज्ञ व आणखी एका तज्ज्ञाने स्वतंत्रपणे तपासल्यावर. तातडीच्या प्रसंगी डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार देऊ शकतात. गाडी पाठवून माणसं उचलणारं केंद्र तुम्हाला नोकरी देत असेल तर ती घेऊ नका.

१६. गांजा किंवा ब्राउन शुगर घेणारा मुलगा पोलिसांच्या भीतीने येत नाही.

स्वतःच्या वापरापुरता किंवा अल्प प्रमाणातल्या अमली पदार्थाचा गुन्हा दाखल झालेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ६४-अ त्याला खटल्यापासून संरक्षण देतं. उपचार पूर्ण केले नाहीत तर ते काढून घेता येतं. त्याहून मोठ्या प्रमाणाच्या गुन्ह्याला हे लागू नाही. फोनवर चौकशी करायची असेल तर केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे. उपचाराला आलेल्याची खबर पोलिसांना देणं हे तुमचं काम नाही (प्रश्न १३).

१७. आठ महिने मेहनत केली आणि तो पुन्हा प्यायला. माझं चुकलं का?

व्यसनात पुन्हा घसरणं हे मधुमेहाच्या पेशंटची साखर पुन्हा वाढण्यासारखं आहे, उपचारात बदल करायची ती खूण. या वेळी आठ महिने टिकला, मागच्या वेळी किती टिकला होता? कुठल्या दिवशी घसरला, कोणासोबत, गोळ्या कधी थांबल्या, हे वहीत पाहा आणि त्याच्यासोबत बसून बोला. पहिली बाटली आणि परत वॉर्ड यांच्यामधले दिवस कमी करणं हेही यशच आहे. त्याने लाजेने तुम्हाला टाळू नये म्हणून फोन तुम्ही करा.

तुमचा फोन मात्र रात्री दहानंतर बंद. तातडीसाठी कोणाला फोन करायचा ते पेशंटला आधीच लिहून द्या. पंधरवड्यातून एकदा वरिष्ठांपुढे आपल्या केसेस मांडा. एखादा पेशंट गेला तर कामावरून दोन दिवस सुट्टी घ्या आणि एकट्याने ते ओझं वाहू नका. हे न पाळणारी चांगली चांगली माणसं दोन-तीन वर्षांत काम सोडून गेलेली आम्ही पाहिली आहेत.

१८. घरभेटी आणि मुलींची सुरक्षितता?

पहिली भेट एकटीने नको. आशाताईंना सोबत घ्या, त्यांना घर आणि घरातली माणसं ठाऊक असतात. संध्याकाळी पिणाऱ्याच्या घरी सकाळी जा. कुठे जाताय ते कार्यालयात लिहून ठेवा, पावसाळ्यात साकव ओलांडून जायच्या वाडीत तर नक्कीच. माणूस प्यायलेला असेल तर बाहेरूनच, "उद्या येते" म्हणून परत फिरा. त्यात कमीपणा काही नाही.

१९. आमचं जुनं घर रिकामं आहे. तिथे व्यसनमुक्ती केंद्र काढू का?

पेशंट ठेवणार असाल तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी केल्याशिवाय नाही. नोंदणीशिवाय चालवल्यास पहिल्या वेळी पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड आहे, पुढच्या वेळी तो वाढत जातो. डॉक्टर, परिचारिका, रात्रीचा कर्मचारी, रुग्णालयाशी जोड हे सगळं लागतं. कारण स्पष्ट आहे, प्रश्न १०मधला पेशंट रात्री दोन वाजता तुमच्या माजघरात असेल.

त्यापेक्षा ते घर दिवसापुरतं उघडा. आठवड्यातून दोनदा सभा, एक दिवस कुटुंबांसाठी, जिल्हा पथकाच्या डॉक्टरांची महिन्यातून एक फेरी मागून घ्या, आणि एका कपाटात पाठपुराव्याच्या वह्या. आधी ग्रामपंचायतीशी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोला. शेजाऱ्यांना हरकत असेल तर ती सभा सुरू होण्याआधी ऐका, कारण एकदा दारात भांडण झालं की पेशंट त्या वाटेने पुन्हा येत नाही.